वस्तीतले सिक्वोया आणि हात बदलणारी जमीन

इंग्लंडच्या दक्षिण भागात, विशेषतः बर्कशायर आणि सरे या परगण्यांत, रेल्वेने जाताना घरांच्या कौलारू छपरांवर मध्येच एखादा गडद हिरवा, निमुळता सुळका उभा दिसतो. ओक, बीच, लाइम ही तिथली झाडे पसरट माथ्याची असल्यामुळे हा सुळका बऱ्याच अंतरावरूनही वेगळा ओळखू येतो. तो असतो जायंट सिक्वोया. आकारमानाने पृथ्वीवरील सर्वांत मोठा होणारा हा वृक्ष मूळचा तिथून आठ हजारांहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावरचा, आणि इथे मात्र तो कुणाच्या मागच्या अंगणात, कुठे शाळेच्या मैदानाच्या कडेला, तर कुठे दोन घरांमधल्या कुंपणाला खेटून उभा असतो. हा वृक्ष तिथे आला कसा आणि आल्यावर टिकला कसा, हे दोन प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात आहेत. पहिल्याचे उत्तर पुस्तकांत सहज मिळते. दुसरा प्रश्न मला अधिक जवळचा वाटतो, कारण मी नागपुरात स्थापत्य अभियंता म्हणून काम करतो, आणि घराचा पाया व झाडाचे मूळ यांची जिथे गाठ पडते ती जागा मला सतत पाहावी लागते.

सिएरा नेवाडात हा वृक्ष साधारण १,४०० ते २,१०० मीटर उंचीच्या पट्ट्यात, सत्तर-ऐंशी विखुरलेल्या रायांमध्ये वाढतो. हिवाळ्यात तिथे कित्येक फूट बर्फ साचते, उन्हाळा कोरडा जातो, आणि त्या कोरड्या महिन्यांत वितळलेल्या बर्फाचे जमिनीत मुरलेले पाणी झाडाला पुरते. पूर्ण वाढलेला सिक्वोया भर उन्हाळ्यात दिवसाला दोन ते तीन हजार लिटर पाणी ओढतो. सिक्वोया राष्ट्रीय उद्यानातील ‘जनरल शर्मन’ हा खोडाच्या घनफळाने जगातील सर्वांत मोठा वृक्ष ८३.८ मीटर उंच आहे. मजल्याला तीन मीटर धरले, तर ही अठ्ठावीस मजल्यांची उंची झाली. त्याच्या खोडाचे घनफळ सुमारे १,४८७ घनमीटर भरते. तोडलेल्या एका सिक्वोयाच्या वार्षिक वलयांवरून त्याचे वय ३,२०० वर्षांहून अधिक असल्याचे आढळले आहे. एवढा भार उभा राहतो कशावर, हा माझ्यासारख्याला पडणारा पहिला प्रश्न. रोपाला असलेले सोटमूळ पुढे खुंटते, आणि मोठ्या झाडाची मुळे वरच्या काही मीटरांच्या थरातच राहून आडवी तीस मीटर किंवा त्याहूनही दूर पसरतात. म्हणजे खोली कमी आणि घेर प्रचंड. म्हाताऱ्या सिक्वोयाचा शेवट बहुधा उभ्याने वाळून होत नाही, तो मुळांसकट उलथून होतो; आणि यावरूनच हा वृक्ष वस्तीत आल्यावर त्याचे शत्रू कोण असणार, हे लक्षात येते.

आगीशी या वृक्षाचे नाते विलक्षण आहे. त्याची तांबूस साल दीड-दोन फुटांपर्यंत जाड होते, तिच्यात राळ फारशी नसते आणि टॅनिन भरपूर असते, त्यामुळे जमिनीलगत धुमसत जाणारी आग तिला सहसा मारू शकत नाही. पाच-सात सेंटिमीटर लांबीचे त्याचे शंकू बिया पोटात घेऊन वीस वर्षांपर्यंत हिरवे राहतात. आगीची धग लागली की ते वाळतात, उघडतात, आणि बियांचा पाऊस पडतो. ही बी इतकी हलकी असते की एका किलोत सुमारे दोन लाख बिया मावतात. तिला रुजायला पालापाचोळा जळून उघडी पडलेली माती आणि वरून थेट ऊन हवे असते. अमेरिकेत जवळजवळ शंभर वर्षे प्रत्येक वणवा तातडीने विझवण्याचे धोरण राबवले गेले. त्या काळात सिक्वोयांच्या रायांत नवी रोपेच दिसेनाशी झाली, आणि १९६० च्या दशकातील संशोधनानंतर वनखात्यांनी तिथे स्वतः नियंत्रित आग लावण्यास सुरुवात केली. तोवर साठलेल्या जळाऊ काटक्यांनी आणि दुष्काळाने आपले काम केलेच होते. २०२० आणि २०२१ मधील वणव्यांत सिएरातील मोठ्या सिक्वोयांपैकी अंदाजे १३ ते १९ टक्के मेले. हजारो वर्षे आगीच्या सोबतीने वाढलेला वृक्ष दोन उन्हाळ्यांत एवढ्या संख्येने आगीतच जावा, ही बातमी वाचताना मला जे वाटले ते मी शब्दांत नीट मांडू शकत नाही.

कॅलिफोर्नियातील मूळनिवासी समाजांना हे वृक्ष पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. बाहेरच्या जगाला त्यांची खबर लागली ती १८५२ मध्ये, ऑगस्टस डाउड नावाचा एक शिकारी अस्वलाच्या मागावर कॅलाव्हेरासच्या राईत शिरला तेव्हापासून. पुढच्याच वर्षी त्या राईतील सर्वांत मोठे झाड पाडले गेले. करवत पुरेना म्हणून पाच माणसांनी गिरमिटांनी खोडाला आरपार छिद्रे पाडली आणि या कामाला बावीस दिवस लागले. उरलेल्या बुंध्याचा नंतर नाचाची जमीन म्हणून उपयोग झाला. त्याच सुमारास एक्झेटरच्या व्हाइच रोपवाटिकेसाठी जगभर फिरून वनस्पती गोळा करणारा विल्यम लॉब सान फ्रान्सिस्कोत होता. वृत्तांत ऐकताच तो कॅलाव्हेरासला गेला, बिया, फांद्या आणि रोपे गोळा केली आणि सगळी मोहीम गुंडाळून १८५३ च्या डिसेंबरात इंग्लंडला पोहोचला. त्याच्या काही महिने आधी जॉन मॅथ्यू या स्कॉटिश माणसाने थोड्या बिया आपल्या वडिलांकडे स्कॉटलंडला पाठवल्या होत्या. पण व्यापार झाला तो लॉबच्या बियांचा. नेपोलियनला हरवणारा सेनापती, वेलिंग्टनचा ड्यूक, नुकताच, १८५२ मध्ये, वारला होता, म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली याने वृक्षाला ‘वेलिंग्टोनिया’ असे नाव दिले आणि ब्रिटनमध्ये आजही लोक त्याला याच नावाने ओळखतात.

पुढची तीस-चाळीस वर्षे ब्रिटनमधील प्रत्येक जमीनदाराला आपल्या हवेलीसमोर वेलिंग्टोनिया हवा होता. कुणी दाराशी एकच लावला, कुणी हवेलीकडे येणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा लावल्या. स्कॉटलंडमधील बेनमोर येथे १८६३ मध्ये लावलेल्या अशा रांगेतील एकोणपन्नास झाडे आज ५० मीटरांहून उंच आहेत. ती लावणाऱ्यांपैकी कुणीही त्यांना ५० मीटर झालेली पाहणार नव्हते, हे त्यांना ठाऊक असणारच.

आता वस्तीचा प्रश्न. हे वृक्ष मुळात वस्तीत लावलेच गेले नव्हते. वस्ती त्यांच्याकडे आली. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे शेतीचे उत्पन्न घसरले, वारसा कर वाढले, अनेक घराण्यांचे वारस युद्धात मारले गेले आणि शेकडो जमीनदाऱ्या विकल्या गेल्या. हवेल्या पाडल्या गेल्या किंवा त्यांच्या शाळा आणि इस्पितळे झाली, हिरवळींचे तुकडे पडले, तुकड्यांवर जोडघरे उभी राहिली. हवेलीच्या रस्त्याचा गल्लीबोळ झाला आणि रस्त्याकाठचा वेलिंग्टोनिया कुणाच्या तरी गॅरेजशेजारी आला. अशा वेळी झाड तोडणे हेच सोपे असते. पण ब्रिटनमध्ये १९४७ च्या नगररचना कायद्यापासून स्थानिक परिषदेला एखाद्या झाडासाठी संरक्षण आदेश काढता येतो, आणि तो निघाला की परिषदेच्या संमतीविना त्या झाडाला हात लावणे हा गुन्हा ठरतो. माझ्या दृष्टीने या व्यवस्थेतील मर्म असे, की हा आदेश झाडासोबत राहतो. घर विकले गेले, पुन्हा विकले गेले, वारसांत वाटले गेले, तरी नव्या मालकाला तो तसाच लागू असतो. त्यामुळे जमीन जितक्या वेळा हात बदलते, तितक्या वेळा झाडाचा निकाल नव्याने लागत नाही.

माझा धाकटा भाऊ रेडिंगजवळ राहतो. त्याच्याकडे गेलो असताना त्याच्या घरापासून थोड्या अंतरावरील एका गल्लीतला सिक्वोया मला अगदी जवळून पाहता आला. झाड एका विटांच्या घराच्या पुढच्या बागेत होते आणि बागेचा अर्ध्याहून अधिक भाग एकट्या बुंध्यानेच व्यापला होता. जमिनीजवळ खोड एकदम रुंद होत गेले होते आणि तिथे कुंपणाची बुटकी भिंत बांधकाम करतानाच वळवून घेतलेली दिसत होती. बाहेरच्या पदपथाची डांबरी कडा मुळांनी उचलली होती आणि मुळे कापण्याऐवजी तिथे पदपथच हलका चढाव देऊन वर घेतला होता. सालीवर मूठ दाबली तर ती आत जाते, इतकी ती मऊ आणि तंतुमय असते, नारळाच्या काथ्यासारखी. छातीच्या उंचीवर सालीत पसाभर आकाराचे, गुळगुळीत कडांचे दोन-तीन खळगे होते. ट्रीक्रीपर नावाचा, चिमणीहून लहान असा पक्षी हिवाळ्यात रात्र काढण्यासाठी हे खळगे कोरतो आणि त्यात सालीला चिकटून बसतो, असे भावाने सांगितले. मागाहून वाचले तेव्हा ब्रिटनमधील पक्षिनिरीक्षकांना ही गोष्ट फार पूर्वीपासून माहीत असल्याचे कळले. तिथल्या पक्ष्याने परदेशी झाडाच्या सालीचा एवढा नेमका उपयोग शोधून काढला, याचे मला फार अप्रूप वाटले. झाडाचा शेंडा मात्र सरळ टोकदार नव्हता. आसपास सर्वांत उंच असल्याने वीज याच झाडांवर पडते आणि अनेक जुन्या वेलिंग्टोनियांचे माथे त्यामुळे बोथट झालेले असतात.

२०२४ च्या मार्च महिन्यात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये जायंट सिक्वोया आणि त्याचा किनारपट्टीवरचा भाऊबंद कोस्ट रेडवूड मिळून सुमारे पाच लाख झाडे असावीत, असा अंदाज त्याच्या निमित्ताने जगभर छापून आला, आणि कॅलिफोर्नियात प्रौढ सिक्वोया सुमारे ८०,००० आहेत हा आकडा त्याच्या शेजारी ठेवला गेला. संशोधकांनी लेझर किरणांनी झाडे मोजून एक झाड वर्षाला सरासरी ८५ किलो कार्बन साठवते, असे दाखवले. हे काम मोलाचे आहे. मात्र ‘ब्रिटनमध्ये कॅलिफोर्नियापेक्षा अधिक सिक्वोया’ हा मथळा मला पटत नाही. एका बाजूला दोन जातींची, लागवडीतील कोवळ्या झाडांसह केलेली मोजणी आणि दुसऱ्या बाजूला एकाच जातीचे, शेकडो-हजारो वर्षांचे महावृक्ष, अशी ही तुलना आहे. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ब्रिटनमधील सिक्वोया तिथे आपणहून क्वचितच रुजतो. बी पडते ती हिरवळीवर, पालापाचोळ्यावर नाहीतर पदपथावर. तिला लागणारी आग तिथे नाही, आणि वस्तीत ती असूही नये. म्हणून तिथला जवळजवळ प्रत्येक सिक्वोया कुणीतरी हाताने लावलेला आहे आणि त्याच्यामागे येणारा वारसही कुणीतरी हातानेच लावावा लागणार आहे. सुरुवातीच्या बियाही मोजक्याच रायांतून आल्या होत्या, त्यामुळे सिएरातील राया जळाल्या तरी जातीचा ठेवा इंग्लंडमध्ये सुरक्षित आहे, असे म्हणणे घाईचे होईल. झाड परदेशात नांदते. रान नांदत नाही.

जमीन हात बदलते तेव्हा काय होऊ शकते, याचे मला माहीत असलेले सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतच, पण सिक्वोयाच्या प्रदेशाबाहेर, आयडाहो राज्यातील बॉइसी शहरात घडले. निसर्गतज्ज्ञ जॉन म्यूर यांनी पाठवलेली काही रोपे तिथे पोहोचली आणि त्यांपैकी एक १९१२ मध्ये एका डॉक्टरांच्या घराच्या अंगणात लावले गेले. कालांतराने घर गेले, आजूबाजूची जागा सेंट ल्यूक्स या इस्पितळाकडे आली आणि झाड इस्पितळाच्या आवारात उभे राहिले. १९८० च्या दशकात नाताळात त्यावर रोषणाई केली जाई. त्यातून शेंड्याला अपाय झाला आणि वरचा काही भाग कापून टाकावा लागला. २०१७ मध्ये इस्पितळाच्या विस्ताराच्या आड ते आले तेव्हा ते सुमारे ३० मीटर उंच होते. इस्पितळाने ते तोडले नाही. मुळांभोवतीचा मोठा मातीचा गोळा बांधून, त्याखाली पाइप सरकवून, हवेने फुगवलेल्या मोठ्या नळ्यांवरून लोटत, जून महिन्यातील एका रात्री ते जवळच्या शहर-उद्यानात नेण्यात आले. मातीसह वजन साडेतीन लाख किलोंहून अधिक होते आणि खर्च झाला सुमारे तीन लाख डॉलर. मी हे काम अभियंत्याच्या नजरेने पुन्हा पुन्हा वाचले आहे. यातील कौशल्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण आधी महिनोन्‌महिने केलेली मुळांची तयारी, नव्या जागी नेलेली जुन्या जागेची माती आणि नंतरची वर्षानुवर्षांची देखरेख हे सगळे जिथे पैसे आणि माणसे देऊन करता येते, तिथेच याला पुनर्रोपण म्हणावे. आपल्याकडे रस्त्याच्या कामात फांद्या आणि मुळे दोन्ही छाटून, क्रेनने उचलून, दुसऱ्या खड्ड्यात उभे केलेले आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून गेलेले कडुनिंब मी पाहिले आहेत. त्यांच्यासाठी वेगळा शब्द हवा.

डेट्रॉइटमध्ये याच्या उलट दिशेने प्रयोग सुरू आहे. मोटारींच्या कारखान्यांचे हे शहर १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्तीचे होते. २०२० च्या जनगणनेत ते साडेसहा लाखांच्याही खाली आले. पूर्व भागात घरे पडून प्लॉट मोकळे झाले आणि अशा काही प्लॉटांवर २०२५ च्या वसुंधरा दिनाच्या सुमारास स्थानिक वृक्षप्रेमी संस्थेने सिक्वोयाची रोपे लावायला घेतली. जुन्या महावृक्षांच्या फांद्यांपासून वाढवलेली ही रोपे आहेत. लोकांनी सोडलेल्या जमिनीवर झाड येणे मला मनापासून आवडते, आणि तरीही मला काळजी वाटते ती पन्नास वर्षांनंतरची: शहर पुन्हा भरले, जमिनीला भाव आला, तर त्या वेळच्या मालकाला हे झाड बांधून ठेवणारा कोणता कागद असेल? लागवडीच्या दिवशी याचा विचार झाला असेल, तर त्या झाडांना खरे आयुष्य आहे.

हे सगळे मी नागपुरात बसून का लिहितो आहे, हे सांगायला हवे. आमच्या लेआउटमधील एका काकांनी मध्यंतरी सिक्वोयाच्या बियांचे पाकीट मागवले आणि प्लॉटच्या कोणत्या कोपऱ्यात लावावे, असे मला विचारले. मी त्यांना स्पष्टपणे नको म्हणालो. इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणे नित्याचे आहे, नवतपात रात्रीही भिंती तापलेल्या असतात, आणि त्या भट्टीतून निघालेल्या मुळांवर जूनपासून चार महिने पाऊस कोसळतो. सिक्वोयाला थंड रात्री, हिवाळ्यातील बर्फ आणि पाण्याचा निचरा होणारी माती लागते. आपली काळी कापसाची जमीन पावसाळ्यात पाणी धरून चिकट होते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. फ्रिजमध्ये काही आठवडे ठेवून बी उगवेलही, कुंडीत एखादा हिवाळा काढेलही, पण पुढे त्याचे हाल होतील. जगात कुठेही लावा, वाढेल, असा या झाडाचा स्वभाव नाही.

परदेशी झाडांना माझा विरोध नाही, आणि नागपुरात तो कुणी करूही नये. आमच्या रस्त्यांवरचा गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री उष्ण कटिबंधीय अमेरिकेतला, काशीद आग्नेय आशियातला. आणि ज्या संत्र्याने शहराला ओळख दिली, तेही भोसल्यांच्या काळात औरंगाबादकडून आणले गेले, असे सांगतात. प्रश्न झाडाच्या गावाचा फारसा नाहीच. आपल्याकडे जमीन हात बदलते तेव्हा मोठ्या झाडाचे काय होते, हा प्रश्न आहे, आणि इंग्लंडमधील गोष्ट इथे नेमकी उलटी घडते.

१९३६ च्या कायद्यान्वये नागपूर सुधार प्रन्यास आले आणि पुढच्या दशकांत धरमपेठ, शंकरनगर, लक्ष्मीनगर, बजाजनगर अशा वस्त्या आखीव प्लॉटांवर वाढल्या. लोकांनी बंगले बांधले आणि मोकळ्या कोपऱ्यांत आंबा, कडुनिंब, फणस, बेल लावले. फाटकाबाहेर गुलमोहर नाहीतर रेन ट्री. ती झाडे आज पन्नास-साठ वर्षांची आहेत. आता दुसरी-तिसरी पिढी पुण्यात, बंगळुरात किंवा परदेशात आहे, बंगल्यात दोन वृद्ध माणसे राहतात आणि एक दिवस तिथे फ्लॅट स्कीम येते. तिकडे जमिनीचे तुकडे पडले आणि महावृक्ष वस्तीच्या मध्यभागी आला. इकडे बंगला जाऊन पाच मजले येतात आणि वस्तीच्या मध्यभागी असलेला वृक्ष बाहेर फेकला जातो. स्कीमचा नकाशा माझ्या टेबलावर येतो तेव्हा त्यावर झाड म्हणजे एक लहानसा हिरवा ठिपका असतो, आणि पार्किंगच्या रॅम्पची रेघ बहुधा त्याच ठिपक्यावरून जाते.

कायदा आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे खासगी आवारातील झाडालाही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हटले. असा वृक्ष तोडावाच लागला तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. हेतू चांगला आहे. पण साठ वर्षांच्या कडुनिंबाच्या बदल्यात शहराच्या कडेला लावलेली साठ रोपे आमच्या गल्लीला सावली देत नाहीत, आणि मुळात न तोडताही झाड मारता येते, हे कुठल्याही बांधकामावरच्या माणसाला ठाऊक असते. पायाच्या चरांत मुळे कापली गेली, बुंध्यापर्यंत सिमेंट आले, की झाड दोन-तीन वर्षे तग धरते आणि मग मे-जूनमधील एखाद्या वादळी पावसात आडवे होते. तेव्हा बिल्डर निघून गेलेला असतो आणि पंचनाम्यात कारण म्हणून वादळ लिहिले जाते.

ब्रिटनमधील बांधकाम मानक याबाबत फार सोपे आहे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर खोडाचा व्यास घ्यायचा, त्याला बाराने गुणायचे, आणि तेवढ्या त्रिज्येच्या वर्तुळात खोदाई, भराव, साहित्याची साठवण काहीही करायचे नाही. त्रिज्या जास्तीत जास्त पंधरा मीटर धरायची. दोन मीटर व्यासाच्या सिक्वोयाला हिशेबाने चोवीस मीटर येतात, म्हणून तिथे ही कमाल मर्यादाच लागू होते. हाच हिशेब आमच्या साठ सेंटिमीटर व्यासाच्या कडुनिंबाला लावला तर त्रिज्या ७.२ मीटर येते आणि वर्तुळ सुमारे १६३ चौरस मीटरांचे होते. चाळीस बाय साठ फुटांचा प्लॉट २२३ चौरस मीटरांचा असतो. ऐकताना हे अशक्य वाटते, पण झाड प्लॉटच्या कोपऱ्यात असेल तर वर्तुळाचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ४१ चौरस मीटरच आपल्या हद्दीत येतो आणि पुढे-बाजूला सोडाव्या लागणाऱ्या मार्जिनमध्ये त्यातला बराचसा भाग बसतो. उरलेले तीन हिस्से रस्त्याखाली आणि शेजाऱ्यांच्या आवारात असतात. म्हणूनच एकट्या मालकाच्या चांगुलपणावर झाड तगत नाही; शेजाऱ्याचा बोअरवेल आणि पुढचा सिमेंट रस्ताही त्या वर्तुळात येतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. एक मीटर फार कमी आहे, पण आमच्या गल्लीत तेवढेही सुटलेले नाही.

काळ्या जमिनीत घराला तडे गेले की बोट झाडाकडे दाखवले जाते. झाड पाणी ओढते आणि माती आकसते, हे खरे आहे. लंडनच्या चिकणमातीवरही हाच वाद चालतो. पण ही जमीन झाड नसतानाही दरवर्षी फुगते आणि आकसते, आणि त्यावरचा उपाय आपल्याच देशात तयार झालेला आहे. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब, साधारण तीस सेंटिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये साडेतीन-चार मीटर खाली जातात, तळाशी त्यांना फुगवटा दिलेला असतो, आणि वरची बीम जमिनीपासून थोडी अधांतरी ठेवतात. कुंपणाची भिंत, रॅम्प, पहाऱ्याची खोली अशा हलक्या कामांसाठी मुळांच्या वर्तुळात सलग चर खणण्याऐवजी असे मोजके पाइल घेतले, तर बोअरची जागा मूळ पाहून हातभर सरकवता येते. चर सरकवता येत नाही. सध्या बजाजनगरातील एका कामात आम्ही हेच करत आहोत. रॅम्प दुसऱ्या बाजूला नेला, दोन मोटारींची जागा कमी झाली, आणि जागामालकांनी ती किंमत समजून-उमजून मान्य केली.

म्हणून ज्यांच्या बंगल्यात जुने झाड आहे आणि ज्यांच्याकडे बिल्डर येऊन गेला आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की आर्किटेक्टकडे जाण्याआधी दीड मीटर उंचीवर खोडाला टेप गुंडाळून घेर मोजा, त्याला ३.१४ ने भागून व्यास काढा, त्याला बाराने गुणा, आणि ते वर्तुळ प्लॉटच्या नकाशावर स्वतःच्या हाताने काढा. मग करारनाम्यात एक कलम घालून घ्या: या वर्तुळात खोदाई होणार नाही, काँक्रीट होणार नाही, आणि फ्लॅटधारकांची सोसायटी स्थापन झाल्यावर हीच अट तिच्यावरही बंधनकारक राहील. कलमाला तो नकाशा परिशिष्ट म्हणून जोडा आणि दोन्ही पक्षांच्या सह्या त्यावरही घ्या.